चाळीस मिनिटांचा स्क्रीन रीडर

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर. आणि वाचायला त्रास होत असेल तर फोनलाच वाचायला सांगा, आजचा विषय तोच आहे.

दोन महिन्यांपूर्वी मी पुण्यात एकटी राहायला लागले. नवीन मंडळींसाठी सांगते, मला स्टारगार्ट आहे. कडेचं बऱ्यापैकी दिसतं, पण जिथे बघावं नेमका तिथेच धुरकट डाग. 2016 च्या कायद्याच्या भाषेत हे लो व्हिजन : चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर 6/18 च्या खाली. आईचा प्रश्न एकच होता, "लाइट बिल कोण वाचणार गं तुझं?" माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न. एका दुकानात टेबलावर ठेवायच्या मॅग्निफायरची किंमत विचारली होती. माझं चार महिन्यांचं भाडं! कॅमेरा आणि स्क्रीन, एवढंच तर असतं त्यात. मग इतकं महाग का? हे शोधता शोधता मी इतिहासात शिरले.

या मॅग्निफायरची गोष्ट अमेरिकेतल्या सॅम्युअल जेनेन्स्की यांच्याशी जोडलेली आहे. गणितज्ञ माणूस, स्वतःची नजर अगदी कमी. शाळेत फळा वाचायला चक्क दुर्बीण वापरायचे. पुढे कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला असताना, साठच्या दशकाच्या शेवटी, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टीव्हीचा कॅमेरा कागदावर रोखला आणि अक्षरं पडद्यावर मोठी करून दाखवली. काळ्यावर पांढरी अक्षरं हवीत तर तीही सोय. कॅमेरा होताच, टीव्ही होताच, ते फक्त एकत्र आणले.

उलट दुसऱ्या टोकाला रे कुर्झवाइल यांचं 1976 चं वाचनयंत्र. अख्खं टेबल व्यापणारं, छापील पान स्कॅन करून मोठ्याने वाचणारं. किंमत सुमारे 50,000 डॉलर. पहिलं यंत्र कोणी घेतलं? गायक स्टीव्ही वंडर यांनी. बरोबर आहे, परवडणार कोणाला!

मला समजलेलं कारण असं. गिऱ्हाईक थोडं, म्हणून संशोधनाचा खर्च मोजक्या लोकांवर पडतो. आणि श्रीमंत देशांत बऱ्याचदा सरकार किंवा नोकरी देणारी कंपनी पैसे भरते, त्यामुळे किंमत त्यांच्या खिशाकडे बघून ठरते. आपल्याकडे तीच वस्तू विद्यार्थ्याच्या बापाला घ्यायची असते. 1981 पासून केंद्राची एडिप योजना आहे, साधनांसाठी मदत मिळते, पण त्यासाठी दाखला हवा, उत्पन्नाची अट हवी, शिबिराची वाट बघायची तयारी हवी.

आता आमच्या दादाची गोष्ट. सख्खा नाही, पण मला कॉम्प्युटर त्यानेच शिकवला. पूर्ण अंध आहे. 2004 च्या सुमारास तो कॉलेजात होता. तेव्हा स्क्रीन रीडर म्हटलं की जॉज. हेही एका अंध माणसाचंच काम बरं का : टेड हेंटर, मोटरसायकलची शर्यत खेळणारे, 1978 च्या अपघातात दृष्टी गेली. 1987 मध्ये कंपनी काढली, 1989 मध्ये डॉसवर चालणारं जॉज आलं. काम उत्तम, पण किंमत नऊशे डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या दराने चाळीस हजार रुपये. कॉम्प्युटरचे वेगळे.

विकत न घेता जॉज चालायचं, पण फक्त 40 मिनिटं. मग कॉम्प्युटर बंद करून परत सुरू करायचा, पुन्हा 40 मिनिटं. दादा सांगतो, लॅबमध्ये चौघं मित्र असायचे आणि कोणाचं ना कोणाचं मशीन कायम सुरू होत असायचं. निबंध अर्धा टाइप झालाय, सेव्ह करायचं राहिलंय आणि आवाज गप्प. "तेव्हापासून मला प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची खोड लागली," म्हणतो. क्रॅक केलेल्या सीडीसुद्धा फिरायच्या. चोरीच ती, मी समर्थन करत नाही. पण नाक मुरडायच्या आधी ते चाळीस हजार आठवा.

2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने हाच हिशेब मोडला. डोळस माणसाला स्क्रीन फुकट दिसते, मग आम्ही ती ऐकायला वेगळे पैसे का द्यायचे, असा त्याचा सरळ सवाल. त्याने एनव्हीडीए लिहायला घेतलं, जेमी टेह हा अंध मित्र जोडीला आला, आणि 2007 मध्ये एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था उभी राहिली. फुकट, ओपन सोर्स, शिवाय पेन ड्राइव्हवरून चालणारं. म्हणजे कॉलेजची लॅब असो की सायबर कॅफे, खिशातून काढा आणि लावा. दादाचं चाळीस मिनिटांचं घड्याळ तिथे थांबलं.

त्यातला ई-स्पीकचा आवाज मराठीही बोलतो. यंत्रमानवासारखा, पण बोलतो. मात्र आपली गंमत वेगळीच : कितीतरी मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये अडकलेला. दिसायला सुरेख देवनागरी, आणि स्क्रीन रीडर वाचणार इंग्रजी अक्षरांचा कचरा. इथे पैसे असूनही उपयोग नव्हता.

2009 मध्ये आयफोन 3जीएसवर व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक. वेगळं विकत घ्यायचं नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. आयफोन तेव्हाही आपल्या आवाक्याबाहेर, पण अँड्रॉइड हळूहळू स्वस्त होत गेला. माझा फोन 11,000 चा, हप्त्यावर. जेनेन्स्कींचा कॅमेरा, कुर्झवाइलचं टेबलभर यंत्र आणि हेंटरचा आवाज त्यात आहे. दिवसा मी अक्षरं मोठी करून वाचते, संध्याकाळी डोळे दमले की ऐकते. दुकानातला तो मॅग्निफायर मी घेतला नाही. तो चांगलाच आहे, हात मोकळे राहतात, तासन् तास वाचता येतं. पण आत्ता नाही परवडत.

पहिलं लाइट बिल फोननेच वाचलं. फिकट छपाई, तीनदा फोटो काढावा लागला, आणि एकदा त्याने ग्राहक क्रमांकच रक्कम म्हणून वाचला. माझ्या पोटात गोळा! मग खरा आकडा आला, 410 रुपये. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पंखा चालू ठेवून झोपतेस वाटतं."

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. घरमालकांनी दिलेली इंडक्शन शेगडी. काचेसारखी सपाट, बटण म्हणून हाताला काही लागतच नाही, आणि ती बोलतही नाही. शेवटी जुनी गॅसची शेगडी आणली, बटणांवर एम-सीलचे ठिपके लावले : एक ठिपका मोठा बर्नर, दोन ठिपके छोटा. खर्च एम-सीलच्या एका पाकिटाचा. तुमच्या घरी असं काही केलं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवते.