झोपेत दात खाता? जंताच्या गोळीवर विसंबू नका. जबडा दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा

उदगीर : झोपेत करकर दात वाजवणारं माणूस जवळपास प्रत्येक गावात सापडतं. आपल्याकडं याला 'दात खाणं' म्हणतात, डॉक्टर 'ब्रुक्सिझम' म्हणतात. मोठ्या माणसांत १०० पैकी साधारण ८ ते १० जणांना हा त्रास असतो. लहान लेकरांत त्याहून जास्त. दात खाणाऱ्याला स्वतःला काही कळत नाही, झोप मोडते ती बाजूच्या माणसाची. म्हणून हे वर्षानुवर्षं चालत राहतं आणि दात झिजून आखूड झाल्यावरच लक्षात येतं. दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा झिजलं की पुन्हा येत नाही.

जंतामुळं होतं का?

लेकरू दात खायला लागलं की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "पोटात जंत झालेत." पण जंत काढले की दात खाणं थांबतं, असा ठोस पुरावा नाही. जंताची गोळी मात्र जरूर द्यावी. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारीच्या सुमारास, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती जंतासाठी आहे, दातासाठी नाही. दात खाणं थांबलं नाही म्हणून मेडिकलवरून पुन्हा पुन्हा गोळ्या आणून देऊ नका.

मग कारण काय?

एकच एक कारण नसतं. झोप अधूनमधून अर्धवट चाळवते, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळले जातात. पुढच्या गोष्टींनी हे वाढतं :

- मनावरचा ताण : कर्जाचा हप्ता, सोयाबीनचा पडलेला भाव, मुलीचं लग्न, मुलांची परीक्षा
- दारू, तंबाखू, बिडी-सिगारेट
- संध्याकाळनंतर जास्त चहा-कॉफी
- जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं
- छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं
- मानसिक आजाराची काही औषधं. मात्र ही औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारावं.

ओळखायचं कसं?

घरच्यांनी आवाज ऐकला, ही पहिली खूण. त्याशिवाय सकाळी उठल्यावर जबडा आखडणं, कानशिलं दुखणं, थंड पाण्यानं दात शिवशिवणं, दाताचा टवका उडणं, भरलेली सिमेंट वारंवार निघणं, जिभेच्या कडेला दातांचे वण दिसणं, ही लक्षणं असतात.

इथं एक चूक महागात पडते. जबड्याचं दुखणं दाढेचं समजून लोक दाढ उपटून घेतात. चांगली दाढ जाते आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून तपासणी केल्याशिवाय दाढ काढू नये.

गुटखा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडत असेल आणि तिखट लागलं की आग होत असेल, तर तो वेगळा आजार आहे. त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. अशा माणसानं थांबू नये.

लेकरांचं काय?

दुधाचे दात असताना बरीच मुलं दात खातात. पक्के दात येतील तसं बहुतेकांचं आपोआप कमी होतं. रागावू नये, मारू नये. पण लेकरू घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा दात दुखतो म्हणत असेल, तर दाखवावं. टॉन्सिल वाढल्यानंही असं होतं.

उपचार काय?

दाताचे डॉक्टर दातांचं माप घेऊन 'नाईट गार्ड' नावाची पट्टी बनवून देतात. ती रात्री दातावर बसवून झोपायचं. पट्टीनं सवय मोडतेच असं नाही, पण दातांची झीज पट्टीवर जाते आणि दात वाचतात. सकाळी साध्या पाण्यानं ब्रशनं धुवावी. गरम पाण्यात टाकली तर वाकडी होते. ऑनलाईन मिळणारी तयार पट्टी नीट बसली नाही तर जबडा आणखी दुखतो.

घरी एवढं करा

- दिवसा ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना टेकलेले नकोत. ट्रॅक्टर चालवताना, पोतं उचलताना, मोबाईल बघताना दात आवळले जातात का, याकडं लक्ष ठेवा.
- जबडा दुखत असेल तर कोमट पाण्याच्या कपड्यानं १० ते १५ मिनिटं शेका.
- दुखणं असेपर्यंत ऊस दातानं सोलणं, फुटाणे, सुपारी बंद.
- झोपायच्या तासभर आधी मोबाईल बाजूला ठेवा.

कुठं दाखवायचं?

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून दाताच्या डॉक्टरांचा वार विचारा. लातूरला एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. घोरताना श्वास अडकत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आणि झोप उडण्याचं कारण डोक्यातली काळजी असेल तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत आहे. मराठीतूनही बोलता येतं.