भिगवणच्या गुडघ्यांची मोजदाद

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठांवर ऊस, कांदा आणि त्यांची खुरपणी. दिवसभर उकिडवे बसून करायचे हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याचे. पुढे गुडघे धरले की 'वात आहे' म्हणायचे आणि दुखणे वयाच्या खात्यावर मांडायचे, ही रीत.

पण हा वात एकच असतो का? आणि किती जणांना? दौंडहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या भिगवण गावात (तालुका इंदापूर) १९९६ मध्ये हे घरोघर जाऊन विचारले गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये आखलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमातली ही पाहणी पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. पद्धत साधी होती. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी प्रश्नावली भरून घ्यायची आणि दुखणे सांगणाऱ्यांना तज्ज्ञांनी तपासायचे. दवाखान्यात येणारे रुग्ण मोजले तर न येणारे निसटतात. इथे सारे गावच छेदस्थानी होते.

४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे शेकडा १८ जणांनी, सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे सांगितले. दुखणाऱ्या जागांत गुडघा अग्रभागी होता. झिजेचा संधिवात हजारी सुमारे ५८ जणांना, तर आमवात हजारी सुमारे ५ जणांना निघाला.

माझ्या मते महत्त्वाचा आकडा हा दुसरा, लहान आहे. झिजेत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा हळूहळू विरते. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि पहिल्या एकदोन वर्षांतच हाड कुरतडले जाऊ लागते. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, बायकांना अधिक. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. तो आणि आजचा हा रोग तंतोतंत एकच, असे मी म्हणणार नाही. पण भेद करण्याची दृष्टी जुनी आहे. बोलीतल्या 'वाता'ने ती पुसली.

ओळखायचे कसे? झिजेचा गुडघा सकाळी आखडला तरी बहुधा अर्ध्या तासात सैल होतो आणि कामाने दुखतो. आमवातात आखडलेपण तासाहून अधिक टिकते, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात. अशा बाईला 'वयच झाले' म्हणून घरी बसवणे म्हणजे तिचे सांधे घालवणे. मेथोट्रेक्सेट या औषधाला अमेरिकेत आमवातासाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदाच घ्यायचे हे औषध आजही उपचाराचा कणा आहे.

झिजेवर असे औषध नाही. तिथे मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन उतरवणे कामी येते: एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. खुरपणी सुटत नसेल तर बसायला बुटका पाट घ्यावा, मधूनमधून उठून चालावे. शौचासाठी खुर्ची वापरली तरी बराच त्रास वाचतो.