गवताने मोजलेली खाडी

नवीन प्रोजेक्ट हातात आला की आम्हा कन्सल्टंट मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "यश मोजायचं कशात?" फ्लोरिडातल्या टँपा बे या खाडीचा इतिहास वाचताना जाणवलं, की ती सावरली ती याच प्रश्नामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथली शहरं भराभर वाढली. अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी सरळ खाडीत जायचं. १९७० च्या दशकात किनाऱ्यावर कुजणाऱ्या शेवाळाच्या वासाने लोक हैराण झाले. पाण्याखालचं नुकसान तर दिसतही नव्हतं. १९५० च्या सुमारास खाडीत ४०,४०० एकर समुद्री गवत होतं. १९८२ मध्ये उरलं २१,६०० एकर. हे गवत म्हणजे माशांच्या पिल्लांचं पाळणाघर आणि मॅनॅटी या जलचराचं कुरण!

लोकांच्या रेट्यामुळे १९७२ मध्ये राज्याने सांडपाण्याच्या प्रगत शुद्धीकरणाचा कायदा केला. १९७९ मध्ये टँपा शहराचं सुधारित केंद्र सुरू झालं. पुढे १९९१ मध्ये 'टँपा बे एस्च्युअरी प्रोग्रॅम' स्थापन झाला आणि शास्त्रज्ञांनी हिशोब उलट्या बाजूने मांडला. गवताला वर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा तळाशी मिळायला हवा. सूक्ष्म शेवाळ माजलं की तो अडतो, आणि शेवाळ पोसतो तो नायट्रोजन. म्हणून आधी लक्ष्य ठरलं, ३८,००० एकर गवत. मग त्यासाठी किती नायट्रोजन चालेल ते काढलं. १९९६ पासून नगरपालिका, वीज कंपन्या आणि खत कारखाने एकत्र बसून आपापला वाटा सांभाळू लागले. दर दोन वर्षांनी विमानातून फोटो काढून गवताची मोजणी होत राहिली.

२०१४ मध्ये आकडा आला ४०,२९५ एकर! वस्ती वाढत असतानाही गवत परतलं, तेही बहुतांशी आपणहून.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१६ नंतर गवत पुन्हा घटलं आणि २०२२ मध्ये ३०,१३७ एकरांवर आलं. ओल्ड टँपा बे भागात उन्हाळी शेवाळ पुन्हा डोकं वर काढत होतं. २०२४ च्या मोजणीत थोडी वाढ दिसली, एवढाच दिलासा. मात्र मोजणी चालू होती म्हणूनच ही घसरण वेळेवर कळली.

आता मोठ्या नळांइतकाच प्रश्न पावसाबरोबर रस्त्यांवरून, अंगणांतून वाहून येणाऱ्या पाण्याचा आहे. पिनेलस काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर लॉनला नायट्रोजनचं खत घालायला बंदी आहे, ती याचसाठी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापुढे लॉन आहेच. तेव्हा मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात खताची पिशवी उघडण्याआधी आपल्या गावचा नियम एकदा जरूर बघा!