टाकीचा तिसरा घाव

पायाखाली बघून चाला. इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, कान्ह नदीच्या काठी, तुम्ही दीडशेहून अधिक वर्षं मागे आलाय आणि कृष्णाबाई होळकरांच्या छत्रीचं काम जोरात चाललंय. दगडाची भुकटी दातांखाली करकरते. टाक्यांचा आवाज छातीत घुमतो. ओला चुना, बैलांचा घाम, नदीचा गाळ, सगळ्यांचा वास एकात एक मिसळलाय. शेजारच्या वाड्यात चक्का टांगलाय, त्याची पिवळसर-हिरवट निवळ परातीत ठिबकते. तो रंग लक्षात ठेवा.

पाथरवटानं हौसेनं टाकी तुमच्या हाती दिली. दोन घाव नीट बसले. तिसरा अंगठ्यावर.

"हळद आणा गं कुणीतरी! दाबून धर बाळा, सोडू नकोस," पाटी खाली टाकून एक म्हातारी धावत आली.

धरलंत? आता डोळे मिटा आणि जखमेत उतरा. आत जत्रेसारखी गर्दी आहे, उकाडा आहे, फाटलेल्या पेशी हाका मारतायत. रोगाशी लढणाऱ्या नेहमीच्या टी-पेशींपैकी बऱ्याच जणी दूर लसिकाग्रंथीत आहेत. शत्रूचा तुकडा कुणी नेऊन दाखवला, की मग त्यांची फौज उभी राहते. त्याला काही दिवस जातात. बऱ्याच अपारंपरिक टी-पेशी मात्र कातडीतच मुक्कामाला असतात. त्यांतल्या गॅमा-डेल्टा पेशी शेजारणीचा त्रास थेट ओळखतात आणि वाढीचे रस सोडतात, म्हणजे जखमेच्या कडेची कातडी पुढे सरकू लागते. ज्या उंदरांत या पेशी नव्हत्या, त्यांच्या जखमा रेंगाळल्या, असं 2002मध्ये दिसलं.

त्यांच्या शेजारी मेट पेशी, त्याही अपारंपरिकच. परातीतली निवळ आठवा: तो रंग ब-2 जीवनसत्त्वाचा. माणसाचं शरीर ते बनवू शकत नाही, बरेच जंतू बनवतात. बनवताना जो अर्धामुर्धा माल तयार होतो, तो एमआर-1 नावाच्या प्रथिनाच्या तबकात ठेवलेला दिसला, की मेट पेशींना जंतूंचा पत्ता लागतो.

त्यांना जागं करायला दुसरी वाटही आहे. तबक दिसलं नाही, पण आयएल-12 आणि आयएल-18 या रसायनांची आरोळी ऐकू आली, तरी त्या उठतात. मला यातला फरक फार मोलाचा वाटतो. नुसत्या आरोळीनं उठल्या तर दाह वाढवतात; तबक ओळखून उठल्या तर दुरुस्तीची जनुकंही चालू करतात. तीच पेशी, पण तिला कुणी हाक मारली त्यावर तिचं काम ठरतं.

डोळे उघडा. अंगठा ठसठसतोय, गरम झालाय, हळदीनं पिवळा पडलाय. म्हातारी चिंधी बांधते. पाथरवट आपला पंजा पुढे करून दाखवतो: जुन्या, नव्या, आडव्यातिडव्या जखमांचे वण, सगळ्या भरून आलेल्या. त्या भरणाऱ्या पेशींना नाव मिळायला अजून शंभरहून अधिक वर्षं आहेत.

तो टाकी उचलतो आणि कोपऱ्यातल्या अर्ध्या कोरलेल्या फुलाकडे वळतो.