बोरिवलीच्या वाटेने आलेला गोलंदाज

मुंबईचे क्रिकेट म्हणजे शिवाजी पार्क आणि आझाद मैदान, ही समजूत शार्दूल ठाकूरच्या कारकिर्दीपुढे टिकत नाही. पालघरच्या या मुलाला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. रोज किटबॅग घेऊन लोकलला लटकायचे त्याचे हाल तेवढेच वाचले! रोहित शर्माही त्याच शाळेचा, आणि लाडांच्या नजरेत भरला तो ऑफस्पिनर म्हणून. तेव्हा उपनगराने नुसते खेळाडू पुरवले असे नव्हे, पारखही तिथेच झाली.

कुणी म्हणेल, हा एका प्रशिक्षकाचा गुण, बोरिवलीचा काय संबंध? आक्षेप अर्धाच खरा. पालघर-विरारकडच्या मुलाला दादर गाठण्यापेक्षा बोरिवली जवळ. मैदाने दक्षिणेत राहिली, वस्ती मात्र उत्तरेला सरकली होती. याच वाटेने वर आलेल्या शार्दूलचे कसोटी पदार्पण 2018 मध्ये हैदराबादला झाले आणि दहा चेंडूंतच दुखापतीने संपले. पुढची कसोटी थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनला: सामन्यात सात बळी, शिवाय पहिल्या डावात 67 धावा. वर्षभराने जोहान्सबर्गला एकाच डावात 61 धावांत 7 बळी.