आब्राहामाचा देव आणि आपला देव

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील लहानथोरांच्या मुखीं ‘ज्युबिली’ हा एकच शब्द आहे. तो मूळचा आपला नव्हे, रोमचाही नव्हे. इब्री भाषेंत ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचें शिंग. त्यावरून हा शब्द निघाला. दर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून दासांस मुक्त करावें, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन हातची गेली असेल त्यास ती परत द्यावी, असा नियम लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस घालून दिला आहे. ख्रिस्तसभेचें पहिलें पवित्र वर्ष पोप आठवे बोनिफास यांनीं इ. स. १३०० सालीं जाहीर केलें, आणि पुढें यहुद्यांचा हा शब्द आपल्या सणास कायमचा जडला.

तेव्हां प्रश्न सहजच उद्भवतो. ज्याच्या आज्ञेनें इस्राएलांत हें शिंग वाजलें तो देव, आणि आपण ज्याची उपासना करतों तो देव, एकच काय? आपल्यांतील कित्येक भाविक जन ‘जुन्या करारांतील देव रागीट, नव्या करारांतील देव प्रेमळ’ असें सहज बोलून जातात. बोलणारास ठाऊक नसतें, परंतु हें मत फार जुनें आहे, आणि ख्रिस्तसभेनें तें अठराशें वर्षांपूर्वींच त्याज्य ठरविलें आहे. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगतों.

काळ्या समुद्राच्या कांठीं सिनोपे नांवाचें बंदर आहे. तेथील मार्सियन नांवाचा एक धनाढ्य जहाजमालक इ. स. १४० च्या सुमारास रोम शहरीं आला व ख्रिस्ती मंडळींत सामील झाला. त्यानें मंडळीस दोन लक्ष रोमन नाणीं अर्पण केलीं. मग तो शिकवूं लागला कीं, देव दोन आहेत. एक जगाचा निर्माता, यहुद्यांस नियमशास्त्र देणारा. तो न्यायी, पण कठोर. दुसरा येशूचा पिता. तो केवळ दयाळू, आणि येशू येईपर्यंत कोणासही अज्ञात. या मतास अनुसरून त्यानें जुना करार समूळ वगळला. चार शुभवर्तमानांपैकीं एकट्या लूकचें राखिलें, तेंही कापून. आणि संत पौलाचीं दहा पत्रें घेतलीं, तींही कात्री लावून.

इ. स. १४४ सालीं रोमच्या मंडळीनें मार्सियन यास बहिष्कृत केलें आणि त्याचे पैसे त्यास परत दिले. देणगीदार मोठा म्हणून श्रद्धेचें माप लहान करावें, हें त्या पूर्वजांस मान्य झालें नाहीं. मार्सियनचा पंथ मात्र पुष्कळ काळ टिकला. दमास्कस नगराच्या दक्षिणेस त्याच्या सभास्थानाचा एक शिलालेख सांपडला आहे, तो इ. स. ३१८ च्या सुमाराचा आहे.

रोमच्या मंडळीनें एवढा निग्रह कां दाखविला? यहुद्यांस संतुष्ट करण्याकरितां नव्हे, तर स्वतःच्या श्रद्धेचा पाया राखण्याकरितां. जगाचा निर्माता जर निराळा असेल, तर हें जग, हें शरीर, हें शेत, हें लेंकरूं आपल्या देवाचें नव्हे असें म्हणावें लागेल. आब्राहामास वचन देणारा जर निराळा असेल, तर येशू हा कोणत्याच वचनाची पूर्ति ठरत नाहीं. आणि स्वतः प्रभूचें काय? तो यहुदी मातेच्या उदरीं जन्मला, आठव्या दिवशीं त्याची सुंता झाली, सणावारीं तो यरुशलेमास गेला, शब्बाथीं त्यानें सभास्थानांत शास्त्र वाचिलें. सर्वांत थोर आज्ञा कोणती, असें शास्त्र्यानें विचारतां त्यानें प्रथम इस्राएलाच्या नित्य प्रार्थनेचेंच वचन पुढें केलें. ज्यास तो ‘पिता’ म्हणाला, तो हाच देव. पवित्र मातेच्या स्तोत्रांत आब्राहामाचें नांव आहे, आणि मिस्साच्या प्राचीन रोमन प्रार्थनेंत आबेल, आब्राहाम व मल्कीसदेक यांच्या अर्पणांची आठवण आपण आजही करतों.

त्याच शतकांत संत जस्टिन होऊन गेले. पालेस्टाईनमधील आजच्या नाब्लुस नगरीं ते जन्मले, आणि इ. स. १६५ च्या सुमारास रोम येथें रक्तसाक्षी झाले. त्रिफोन नांवाच्या यहुद्याशीं झालेल्या संवादाचा त्यांचा ग्रंथ आहे. त्यांत ते स्पष्ट सांगतात कीं, ज्यानें इस्राएलास मिसर देशांतून बाहेर काढिलें त्याहून दुसऱ्या कोणत्याही देवावर आमचा भरंवसा नाहीं. तरी वाद मिटत नाहीं. वधस्तंभावर मेलेला मनुष्य ख्रिस्त व प्रभु कसा, हें त्रिफोनास पटत नाहीं. शेवटीं दोघे एकमेकांकरितां प्रार्थना करून निरोप घेतात.

या संवादांत प्रश्नाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. ज्याची उपासना होते तो कोण, हा एक. आणि त्याच्याविषयीं काय कळलें आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर: तो एकच. दुसऱ्यांत मोठा भेद आहे, व तो झांकूं नये. पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच परमेश्वर आहे, ही आपली श्रद्धा. यहुदी बांधवांस ती मान्य नाहीं. बाराव्या शतकांतील थोर यहुदी पंडित मैमोनिदेस यांनीं आपली उपासना मूर्तिपूजेंत गणिली. उलट पुढील पिढ्यांतील रब्बी मेनाखेम मेइरी यांनीं ख्रिस्ती लोकांस मूर्तिपूजकांत धरिलें नाहीं. इ. स. २००० सालीं अमेरिकेंत अनेक यहुदी विद्वानांनीं ‘दाब्रू एमेत’ हें निवेदन प्रसिद्ध केलें. यहुदी व ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात, हें त्याचें पहिलेंच कलम होतें. कांहीं यहुदी पंडितांनीं त्यास हरकतही घेतली. त्यांचा संकोच आपण आदरानें ऐकावा. आपलें उत्तर मात्र १४४ सालींच ठरलेलें आहे.

आतां दुःखाची गोष्ट. ख्रिस्तसभेनें यहुद्यांचा ग्रंथ राखिला, परंतु ख्रिस्ती जनांनीं त्या ग्रंथाच्या लोकांस राखिलें नाहीं. १०९६ सालीं ऱ्हाईन नदीकांठच्या वर्म्स व माइन्झ नगरांत क्रूस धारण केलेल्या जमावांनीं यहुद्यांची कत्तल केली. १५५५ सालीं रोम शहरांतच त्यांस कोंडवाड्यासारख्या वस्तींत राहणें भाग पडलें. हें सर्व दूरचें, असें म्हणून आपणांस सुटतां येणार नाहीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. यहुदी वंशांतून आलेले ख्रिस्ती त्याच्या तडाख्यांत सांपडले. हिंदुस्थानच्या औषधींवर १५६३ सालीं गोव्यांत ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांची बहीण कातारिना हिला १५६९ सालीं जिवंत जाळण्यांत आलें. स्वतः ओर्ता यांच्या अस्थि १५८० सालीं थडग्यांतून उकरून जाळण्यांत आल्या. हें करणारे लोक वेदीपुढें आब्राहामाचें नांव ऐकत होते.

विसाव्या शतकांत जर्मनींत मार्सियनची कात्री पुन्हां निघाली. जुना करार टाकून द्यावा, अशी ओरड तेथें झाली. म्युनिकचे कार्डिनल फौल्हाबर यांनीं १९३३ च्या आगमनकाळांत जुन्या कराराच्या बाजूनें निर्भय प्रवचनें केलीं. परंतु त्या वेळीं छळ सोसणारे यहुदी शेजारी हा त्यांचा विषय नव्हता. पुढें साठ लक्ष यहुदी मारले गेले. ग्रंथाचें रक्षण करून माणसास वाऱ्यावर सोडणें म्हणजे काय, हें जगानें तेव्हां पाहिलें.

त्यानंतर ख्रिस्तसभेनें आपलें मन तपासलें. पोप तेविसावे योहान यांनीं १९५९ सालीं शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेंतील यहुद्यांविषयींचें कठोर विशेषण काढून टाकविलें. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिकविलें कीं, जुन्या कराराचें प्रकटीकरण आपणांस या लोकांच्या द्वारें मिळालें, ते देवास आजही प्रिय आहेत, आणि प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर ठेवूं नये. १३ एप्रिल १९८६ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या यहुदी सभास्थानांत गेले व तेथील लोकांस त्यांनीं वडील बंधु मानिलें.

हे वडील बंधु आपल्या कोंकणांतही नांदले. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, आपलीच मराठी बोलत. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं उभें राहिलें, आणि पुढील शतकांत त्यांनीं शास्त्रांतील कथांवर मराठींत कीर्तनें केलीं. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएल देशीं गेले. थोडे अद्यापि येथें आहेत.

प्रिय वाचकहो, येत्या रविवारीं मिस्सांत पहिलें वाचन जुन्या करारांतून होईल तेव्हां तें परक्या देवाचें म्हणून ऐकूं नका. आणि यहुद्यांविषयीं कोणी हलका शब्द काढील, तर त्यास तेथेंच थांबवा. ज्याच्या देवास आपण पिता म्हणतों, त्याची निंदा आपल्या घरीं होऊं नये.