ऑफन : वारंवारता सांगणारे इंग्रजी क्रियाविशेषण

ऑफन हे इंग्रजीतील वारंवारतादर्शक क्रियाविशेषण. एखादी गोष्ट पुष्कळ वेळा घडते, एवढेच ते सांगते. नेमकी किती वेळा, हे सांगत नाही. मराठीत प्रसंग पाहून त्यासाठी अनेकदा, बऱ्याचदा, पुष्कळदा किंवा वारंवार हे शब्द येतात. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याची पायरी 'ऑल्वेज' आणि 'युज्वली' यांच्या खाली आणि 'समटाइम्स'च्या वर दाखवतात; सर्वांत खाली 'नेव्हर'.

ही उतरंड शिकवायला सोयीची आहे, पण ऑफनचा आकडा प्रसंगागणिक बदलतो. महिन्यातून दोन सिनेमे पाहणारा माणूस 'ऑफन' सिनेमाला जातो. वर्षातून चारदा इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर तेही 'ऑफन'च. आणि कोणी 'मी ऑफन दात घासतो' म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते, कारण ते काम रोजचे आहे. त्या गोष्टीकडून आपली जी अपेक्षा असते, तिच्या मानाने हा शब्द मोजला जातो.

जिथे मोजमाप नेमके लागते, तिथे म्हणूनच या शब्दावर विसंबत नाहीत. नैराश्याची लक्षणे तपासणारी 'पीएचक्यू-९' ही ९ प्रश्नांची प्रश्नावली पाहावी. गेल्या २ आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, हे ती 'हाऊ ऑफन' या शब्दांनी विचारते. उत्तराच्या पर्यायांत मात्र ऑफन नाही. तिथे 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'निम्म्याहून अधिक दिवस' आणि 'जवळजवळ रोज' असे चार पर्याय आहेत. दिवस मोजायला लावले की दोन रुग्णांची उत्तरे एकाच मापाने वाचता येतात.

'हाऊ ऑफन' या जोडीत ऑफनचा 'पुष्कळदा' हा अर्थ उरतच नाही, जसा 'किती उंच?' या प्रश्नात उंचीचा दावा नसतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याबद्दलही तो प्रश्न चालतो. मराठीत त्यासाठी दोन वाटा आहेत. गोळीबद्दल आपण 'दिवसातून किती वेळा?' असे विचारतो, तर एसटीबद्दल 'गाडी किती किती वेळाने येते?' असे.

वाक्यात ऑफन सहसा मुख्य क्रियापदाच्या आधी बसते : 'शी ऑफन कम्स'. 'इज', 'आर', 'वॉज' असतील तर त्यांच्यानंतर येते : 'ही इज ऑफन लेट'. सहायक क्रियापद असेल तर ते आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये : 'आय हॅव ऑफन सीन हिम'. नकारार्थी वाक्यात ते शेवटीही चालते.

मराठी माणसाची गफलत होते ती मुख्यतः 'नेहमी'मुळे. 'मी नेहमी त्या दुकानात जातो' यातला 'नेहमी' सैल आहे. एखाद-दुसरा अपवाद त्यात गृहीतच असतो. त्याचे 'ऑल्वेज' केले की दावा उगाच मोठा होतो. अशा वेळी 'ऑफन' किंवा 'युज्वली' जवळचे. 'वारंवार'ला अनेकदा तक्रारीची छटा असते. 'वारंवार सूचना देऊनही' हे शब्द कचेरीच्या पत्रात दिसले की पुढे काय येणार हे कळते. ऑफनला स्वतःची अशी छटा नाही. 'लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो' या वाक्यात तर क्रियाविशेषणच नाही. सवय 'जायचो'मध्येच आहे. इंग्रजीत हेच सांगताना 'वुड ऑफन गो' म्हणता येते. उलट भाषांतरात 'अनेकदा जायचो' लिहिले तर चूक नाही, पण नुसते 'जायचो' बहुतेक ठिकाणी पुरते.

प्राचीन इंग्रजीत मूळ रूप 'ऑफ्ट' होते. जर्मनमधला 'ओफ्ट' आणि स्वीडिशमधला 'ओफ्टा' हे त्याचेच भाऊबंद. मध्ययुगीन इंग्रजीत शेवटी 'एन' जोडलेले लांब रूप आले आणि सोळाव्या शतकापासून तेच रूढ होत गेले. जुने 'ऑफ्ट' आज कवितेत आणि 'ऑफ्ट-रिपीटेड'सारख्या जोडशब्दांत उरले आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ऑफन विशेषण म्हणूनही आढळतो. तो वापर आता मागे पडला.

या शब्दात 'टी' लिहितात, पण उच्चारावा की नाही, हा वाद जुना आहे. 'सॉफ्ट'पासून झालेल्या 'सॉफन'मध्ये आणि 'फास्ट'पासून झालेल्या 'फासन'मध्ये जसा 'टी' गळला, तसाच तो इथेही गळला. जॉन वॉकर यांच्या १७९१ च्या उच्चारकोशात तो मूक आहे. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या १८७९ च्या 'द पायरेट्स ऑफ पेन्झन्स' या संगीतिकेत एक अख्खा विनोदी संवाद 'ऑर्फन' म्हणजे अनाथ आणि 'ऑफन' यांच्या उच्चारसाम्यावर उभा आहे. 'टी' ऐकू आला असता तर तो जमलाच नसता. पुढे साक्षरता वाढली, लोक स्पेलिंग पाहून बोलू लागले आणि 'ऑफ्टन' परत आला. हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये आपल्या वापरकोशात त्यावर कडक टीका केली, तरी तो टिकला.

आज इंग्रजीचे प्रमुख शब्दकोश दोन्ही उच्चार देतात. महाराष्ट्रातल्या शाळांतही दोन्ही कानावर पडतात. तेव्हा 'ऑफ्टन' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात चूक ठरवू नये. त्याला दोन्ही उच्चार सांगावेत.